केमो, प्रत्यारोपण, स्टेरॉइड चालू असताना ताप आला तर : कोणतं रक्त तपासणीला कधी द्यायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

ताप चढतो, घरात पॅरासिटामॉल दिलं जातं, सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. सकाळी फार्मसीतून एखादी अँटिबायोटिक येते, आणि दोन दिवसांनी लॅबच्या खिडकीवर मागणी होते, "तापाच्या सगळ्या टेस्टा करा." धडधाकट माणसाचं यात बहुधा निभावून जातं. केमो चालू असलेल्या, किडनी बसवलेल्या किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हा क्रम पूर्ण उलटा आहे. त्यांचं रक्त आधी तपासणीला जायला हवं, अँटिबायोटिक त्याच्या पाठोपाठ, आणि रिपोर्टची वाट त्यानंतर.

हा लेख कोणासाठी? केमोथेरपी घेणारे, अवयव किंवा बोनमॅरो प्रत्यारोपण झालेले, रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड काही आठवडे घेत असलेले, रिटुक्सिमॅब किंवा टोसिलिझुमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं चालू असलेले, सीडी-४ (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली गेलेले एचआयव्ही रुग्ण, प्लीहा काढलेले, आणि या सगळ्यांना सांभाळणारी घरची माणसं. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण रक्त कधी दिलं, कशात दिलं आणि त्याआधी काय खाल्लंप्यालं, हे बरंचसं घरच्यांच्या हातात असतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. तापाच्या चाचण्यांचे दोन गट आहेत. पहिला गट जंतूला किंवा त्याच्या तुकड्याला शोधतो: कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघणं), पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणं), मलेरियाची काच (सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघणं), डेंग्यूचं एनएस-१ प्रथिन, बुरशीचे अँटिजेन (तिचे तुकडे). दुसरा गट जंतूला शोधतच नाही, शरीराने काय प्रतिक्रिया दिली ते मोजतो: पांढऱ्या पेशी, सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारी प्रथिनं), आयजीएम (नव्या इन्फेक्शनची अँटिबॉडी). म्हणजे कुत्रा भुंकतो का यावरून चोर आला की नाही ते ठरवायचं. इथे कुत्र्यालाच गुंगीचं औषध दिलेलं आहे. म्हणून दुसऱ्या गटातली चाचणी पॉझिटिव्ह आली तर उपयोगाची, निगेटिव्ह आली तर तिच्या भरवशावर झोपायला जाऊ नका.

## १. औषध सुरू होण्याआधीचं रक्त

बहुतेक जण हाच टप्पा गाळतात. प्रतिकारशक्ती दाबली जाण्यापूर्वी शरीर अँटिबॉडी नीट बनवत असतं, त्यामुळे अँटिबॉडीच्या चाचण्यांवर विश्वास टाकायची खरी वेळ तीच. डॉक्टरांना विचारून हे रक्त आधीच द्या: हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी (विषाणूचं प्रथिन) आणि अँटी-एचबीसी टोटल (विषाणूविरुद्धची अँटिबॉडी), हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, आणि प्रत्यारोपण असेल तर सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) आयजीजी, म्हणजे जुन्या इन्फेक्शनची अँटिबॉडी. नुसतं एचबीएसएजी पुरेसं नाही. जुना, दबून बसलेला हिपॅटायटिस बी त्यात दिसत नाही, आणि रिटुक्सिमॅबनंतर तोच उसळी मारतो. टीबीची इग्रा ही रक्तचाचणीही याच वेळी. नंतर केली तर "इंडिटरमिनेट" (धड हो नाही, धड नाही नाही) असा रिपोर्ट यायची शक्यता बरीच, कारण तिला ज्या पेशींकडून उत्तर हवं असतं त्याच थकलेल्या असतात.

सोबत एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एक सीआरपी बरं वाटत असताना करून ठेवा. संधिवाताच्या रुग्णाचा सीआरपी एरवीही चढलेला असू शकतो. तो माहीत नसेल तर तापाच्या दिवशीच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

तपासा: हे रिपोर्ट कागदावर आहेत का? "टाटात केलं होतं, फाईल मुंबईला राहिली" हे उत्तर रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत कुणाच्याही उपयोगाचं नाही. मोबाईलमध्ये फोटो तरी काढून ठेवा.

## २. घरातली तयारी

डिजिटल थर्मामीटर, त्याची जादा बॅटरी, आणि एक कागद. कागदावर पाच ओळी: आजार, चालू औषधं डोससकट, शेवटची केमो किंवा इंजेक्शन कधी झालं, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि छातीत पोर्ट किंवा हातात पिक लाईन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) आहे का.

औषधांच्या ओळीत दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी पोटावर टोचलेलं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन. दोन, प्रतिबंधासाठी चालू असलेली बुरशीची गोळी किंवा सेप्ट्रान ही अँटिबायोटिक. दोन्हींमुळे रिपोर्टचा अर्थ बदलतो. कसा, ते पुढे येईल.

कुठे जायचं तेही आधी ठरवा. गोव्यात काणकोणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर. पेडणे, सत्तरी, सांगे इथूनही रात्रीचा रस्ता सोपा नाही, पावसात तर नाहीच. मडगाव आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पहिलं रक्त आणि पहिला डोस देऊन मग गोमेकॉत पाठवतील का, हे तुमच्या डॉक्टरांशी ताप नसताना बोलून ठेवा. सगळं बांबोळीतच करायचं म्हणून दोन तास गाडीत घालवणं नेहमीच शहाणपणाचं नसतं.

## ३. ताप मोजा आणि निघा

तोंडात, जिभेखाली मोजा. गरम चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबून. एकदाच जरी ३८.३ सेल्सिअस (साधारण १०१ फॅरनहाइट) आला, किंवा ३८ (१००.४) तासभर टिकून राहिला, तर पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णात तो इमर्जन्सीचा ताप धरतात. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पेशी साधारण सर्वात खाली असतात, त्या दिवसांत डोळ्यात तेल घाला.

सावधान: गुदद्वारातून ताप मोजू नका, सपोझिटरी किंवा एनिमा देऊ नका. पेशी कमी असताना तिथली बारीकशी जखमसुद्धा रक्तात जंतू सोडू शकते.

मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. दिलंच असेल तर वेळ लिहून ठेवा. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला ताप न येताही मोठं इन्फेक्शन असू शकतं. थंडी वाजून हुडहुडी, बरळणं, लघवी कमी होणं, धाप, बीपी खाली जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर थर्मामीटरकडे न बघता १०८ ला फोन करा.

आणि अनेक महिने चालू असलेली स्टेरॉइडची गोळी "इन्फेक्शन आहे ना, मग बंद करूया" म्हणून परस्पर बंद करू नका. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं, आणि तापात तर ते जास्त लागतं. प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमस या औषधाचंही तेच: बंद करायचं, कमी करायचं की नाही, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

## ४. पहिल्या तासातलं रक्त

हा टप्पा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात जास्त बिघडणारा. आधी ब्लड कल्चर, मग बाकीच्या नळ्या, मग लगेच अँटिबायोटिक. पेशी उतरलेल्या तापाच्या रुग्णाला इस्पितळात पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस मिळावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे कल्चरसाठी डोस अडवून ठेवायचा नाही, आणि डोसच्या घाईत कल्चर गाळायचं नाही. दोन्ही कामं त्या तासात बसतात.

प्रौढ माणसात निदान दोन सेट, दोन वेगळ्या जागांवरून. एका सेटमध्ये दोन बाटल्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. पोर्ट किंवा लाईन असेल तर एक सेट लाईनमधून आणि एक हाताच्या शिरेतून, एकाच वेळी, आणि बाटलीवर "लाईन" किंवा "शीर" असं स्पष्ट लिहून. लाईनची बाटली शिरेच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली, तर लाईनमध्येच जंतू बसल्याचा संशय बळावतो. बाटल्यांवर लिहिलेलंच नसेल तर ही तुलना गेली.

बाटलीच्या लेबलवर बारीक रेघा असतात. रक्त घेण्यापूर्वी जिथपर्यंत भरायचं तिथे पेनाने खूण करायची, ही चांगल्या सिस्टरची सवय. "शिरा मिळत नाहीत" म्हणून दोन-तीन मिलिलिटरवर भागवलेली बाटली हे कल्चर निगेटिव्ह येण्याचं अगदी रोजचं कारण आहे. रक्तातल्या इन्फेक्शनमध्ये एका मिलिलिटरला एखादाच जंतू असू शकतो. रक्त कमी घेतलं की तो निसटलाच. "इतकं रक्त कशाला काढता, आधीच अशक्त आहेत" असं नातेवाईक म्हणतात. समजू शकतं, पण चाळीस मिलिलिटर म्हणजे तीन मोठ्या चमच्यांहून किंचित कमी.

कातडी क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलने पुसून निदान अर्धा मिनिट सुकू द्यायची. पुसल्यावर पुन्हा बोटाने शीर चाचपली की आपल्याच कातडीवरचे जंतू बाटलीत. बाटलीच्या रबराची टोपीही पुसायची.

त्यानंतर टोपीच्या रंगानुसार नळ्यांचा क्रम: निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. जांभळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) आधी आलं तर पुढच्या नळीत पोटॅशियम खोटं वाढतं. सीबीसी, मलेरिया आणि पीसीआर जांभळीतून. हिरवीतलं हेपारिन पीसीआरला अडथळा करतं, म्हणून सीएमव्हीसाठी हिरवी नळी पाठवू नका.

तपासा: बाटल्यांवर नाव, वेळ, जागा आहे का? पहिला अँटिबायोटिक डोस किती वाजता दिला? बाटल्या फ्रीजमध्ये तर ठेवल्या नाहीत ना? कल्चरच्या बाटल्या खोलीच्या तापमानालाच ठेवून लवकरात लवकर लॅबमध्ये पोचवायच्या. फ्रीजमध्ये ठेवणं ही चांगल्या हेतूने होणारी चूक आहे, तीही बहुधा रविवारी.

फार्मसीतून आणलेली अँटिबायोटिक आधीच घेतलेली असेल तर लपवू नका. कोणती, किती डोस, शेवटचा कधी, हे सांगा. पाकीट सोबत आणा.

## ५. सीबीसी : टक्केवारीने फसू नका

रिपोर्टमध्ये "न्यूट्रोफिल ३० टक्के" दिसतं आणि घरचे म्हणतात, थोडंच कमी आहे. न्यूट्रोफिल म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांचा आकडा असा काढायचा: एकूण पांढऱ्या पेशी १२००, त्यातले ३० टक्के म्हणजे ३६०. पाचशेच्या खालचा आकडा गंभीर. पेशी इतक्या कमी असताना मशीनची टक्केवारीही डळमळते. काच बघून मोजायला सांगा.

उलट बाजूही आहे. फिलग्रास्टिम घेतलेल्यांचा किंवा स्टेरॉइडवरच्यांचा काउंट इन्फेक्शन नसतानाही चढतो. कागदावरची ती ओळ इथे कामाला येते.

## ६. सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन आणि "जिवाणू की विषाणू" किट

सीआरपी चढायला सहा ते बारा तास लागतात आणि तो शिखरावर जायला साधारण दोन दिवस. ताप आल्यावर तासाभरात दिलेल्या रक्तातला कमी सीआरपी काहीच सिद्ध करत नाही. प्रोकॅल्सिटोनिन लवकर, तीन ते सहा तासांत वाढू लागतं आणि जिवाणूंकडे जास्त बोट दाखवतं. ०.५ च्या वर गेलं तर जिवाणूंचं इन्फेक्शन गंभीरपणे धरायचं. पण पेशी उतरलेल्या रुग्णात ०.२ आलं म्हणून अँटिबायोटिक थांबवायची नाही. बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करा, चढ किंवा उतार बघा. एका आकड्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही.

औषधांनी होणारी फसवणूक लक्षात ठेवा. टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनाचा रस्ता अडवतं, आणि यकृताला सीआरपी बनवायचा निरोप मुख्यतः त्याच रस्त्याने जातो. त्यामुळे या औषधावरच्या माणसाला न्यूमोनिया असला तरी सीआरपी जवळजवळ शून्य येऊ शकतो. मला विचाराल तर अशा रुग्णाचा नॉर्मल सीआरपी वाचूच नये. प्रत्यारोपणात दिलं जाणारं एटीजी हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध याच्या उलट करतं: इन्फेक्शन नसताना प्रोकॅल्सिटोनिन वाढवतं. मोठी शस्त्रक्रिया आणि किडनी निकामी असणं यांतही ते थोडं चढलेलं असतं.

सावधान: एकक बघा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. फरक दहा पटींचा. कालचा ८ आणि आजचा ८० दिसला की घर हादरतं, आणि दोन्ही एकच निघतात. शक्यतो सगळे रिपोर्ट एकाच लॅबचे ठेवा.

थोड्याशा रक्तावर दहा-पंधरा मिनिटांत "जिवाणू की विषाणू" सांगणारी किटंही आता आली आहेत. काही सीआरपीसोबत एमएक्सए हे प्रथिन मोजतात, काही ट्रेल आणि आयपी-१० ही प्रथिनं मोजतात. कल्पना चांगली आहे, पण ही सगळी दुसऱ्या गटातली. ट्रेल, एमएक्सए ही शरीराच्या पेशींनीच सोडायची असतात. ज्या रुग्णांवर ही किटं पारखली गेली त्यांत प्रतिकारशक्ती दबलेले लोक बहुतांशी वगळलेले होते. पैसे खर्च करायचेच असतील तर दुसऱ्या कल्चर सेटवर करा.

## ७. गोव्यातले ताप : दिवस मोजून चाचणी

इथे मुख्य चूक म्हणजे दिवस न बघता पॅनल करणं. ताप सुरू झाल्याचा दिवस पहिला धरा.

डेंग्यू: पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम. रिटुक्सिमॅबवरच्या किंवा प्रत्यारोपण झालेल्या माणसात आयजीएम उशिरा येतं किंवा येतच नाही, म्हणून पीसीआर मागा. केमोवरच्या माणसाचे प्लेटलेट आधीच कमी असतात. नुसते प्लेटलेट घसरले म्हणून "डेंग्यूच" असा शिक्का मारू नका. त्याच्या आड जिवाणूंचं सेप्सिस (अंगभर भिनलेलं गंभीर इन्फेक्शन) लपतं.

मलेरिया: किट आणि काच दोन्ही करा. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला तर पुन्हा. किट फाल्सिपॅरमच्या उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं, म्हणून महिन्यापूर्वी मलेरिया झाला असेल तर काचेवरच भर. मलेरियात प्रोकॅल्सिटोनिनही चढतं, तेव्हा ते वाढलं म्हणून मलेरिया नाही असं होत नाही.

लेप्टो: शेतात, गुरांच्या गोठ्यात, पुराच्या पाण्यात पाय गेले असतील तर. पहिल्या आठवड्यात पीसीआर, आयजीएम त्यानंतर. दुसऱ्या दिवशी केलेलं निगेटिव्ह आयजीएम कुणालाच काही सांगत नाही.

माकडताप: सत्तरीच्या बाजूला, काजूच्या दिवसांत रानात जाणं झालं असेल तर ते आवर्जून सांगा. त्याची पीसीआर ठरावीक ठिकाणीच होते. मागितल्याशिवाय कुणी करणार नाही.

पावसाळ्यात मधुमेही किंवा स्टेरॉइडवरच्या माणसाला ताप, न्यूमोनिया किंवा यकृतात, प्लीहेत गळू असं दिसलं तर मेलिऑयडोसिस आठवा. पश्चिम किनाऱ्यावरचा, माती-पाण्यातून येणारा हा जंतू. झटपट रक्तचाचणीपेक्षा कल्चरच इथे कामाचं, आणि कल्चरमध्ये उगवला तरी "स्यूडोमोनास असेल, बाहेरचा असेल" म्हणून बाजूला सारला जाण्याचा धोका. मातीत काम करता हे फॉर्मवर लिहा.

टायफॉइडच्या विडाल चाचणीवर मात्र पैसे घालवू नका. एरवीही तिच्यावर भरवसा नाही, इथे तर अजिबात नाही. टायफॉइडचा संशय असेल तर कल्चर.

## ८. ताप चार-पाच दिवसांत उतरला नाही तर : बुरशी आणि सीएमव्ही

पेशी कमी, अँटिबायोटिक चालू, तरी ताप तसाच, असं चार ते सात दिवस झालं की डॉक्टर बुरशीचा विचार करतात. रक्तात बुरशीचे दोन तुकडे शोधतात: गॅलॅक्टोमॅनन हे मुख्यतः ॲस्परजिलस या बुरशीसाठी, बीटा-डी-ग्लुकॅन हे कॅन्डिडासकट बऱ्याच बुरशींसाठी. बुरशीची गोळी आधीपासून चालू असेल तर गॅलॅक्टोमॅनन खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. इम्युनोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन किंवा डायलिसिस चालू असेल तर ग्लुकॅन खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. इम्युनोग्लोब्युलिन आणखी एक घोळ घालतं: दात्यांच्या अँटिबॉडी रुग्णाच्या रक्तात मिसळल्याने आयजीजीच्या चाचण्याही पॉझिटिव्ह दिसतात.

सावधान: काळी बुरशी, म्हणजे म्युकर, या दोन्ही चाचण्यांत दिसत नाही. गालावर सूज, डोळ्याभोवती दुखणं, नाकातून काळपट स्राव असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता नाक-कान-घसा डॉक्टरांकडे. तिथला तुकडाच तपासावा लागतो.

एचआयव्हीत सीडी-४ कमी असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीचं अँटिजेन किट मिनिटांत उत्तर देतं. डोकेदुखी सुरू होण्याआधीच ते करायचं असतं.

प्रत्यारोपणानंतर सीएमव्हीसाठी आयजीएम नको, आकडा देणारी पीसीआर हवी. प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच प्रकारच्या नमुन्यात. एकदा प्लाझ्मा, एकदा अख्खं रक्त असं झालं की आकड्यांची तुलना होत नाही.

## ९. कल्चरच्या रिपोर्टचा पाठलाग

खरे जंतू असतील तर बाटल्या बहुधा एक-दोन दिवसांत पॉझिटिव्ह होतात. निगेटिव्ह म्हणायला पाच दिवस थांबतात. बाटली पॉझिटिव्ह झाल्यावर लॅब आधी ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून फोन करते: गोल की दांड्यासारखे, जांभळे की गुलाबी, की यीस्ट. जिथे सोय आहे तिथे त्याच बाटलीतून पीसीआर पॅनल तासाभराच्या आसपास जंतूचं नाव आणि काही प्रतिकार-जीन सांगतं. खर्च बराच असतो. विमा किंवा गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य योजनेत तो बसतो का, हे आधीच विचारून घ्या. पॅनलमध्ये नसलेला जंतू त्यात दिसणार नाही, त्यामुळे कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी (कोणती अँटिबायोटिक चालते ते) पूर्ण होईपर्यंत प्रकरण बंद झालेलं नाही.

एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस उगवला तर तो बहुधा बाहेरून आलेला असतो. पण पोर्ट असलेल्या माणसात तोच दोन्ही सेटमध्ये आला तर खरा धरतात. दोन सेट का घ्यायचे, त्याचं हे दुसरं कारण.

दुसऱ्या दिवशी "नो ग्रोथ" असा छापलेला कागद मिळाला तर तो अंतरिम आहे. त्यावर तारीख बघा. रुग्णाला घरी सोडलं असेल तर पाचव्या दिवशी लॅबला स्वतः फोन करा, नमुना क्रमांक हाताशी ठेवून. डिस्चार्जनंतर पॉझिटिव्ह झालेली बाटली आणि घरी बसलेला रुग्ण यांच्यामध्ये पुष्कळदा फक्त फॉर्मवरचा मोबाईल नंबर असतो. तो चालू नंबर आहे ना, हे रक्त देतानाच पाहून घ्या.